धरणावरून लावलेला फोन

रविवार, संध्याकाळ. निरवांगी.

लेकीनं पुण्याहून परस्पर माझं नाव घातलं आणि भोरच्या डोंगरात सहलीला पाठवलं. छोटी गाडी, एक गाईडबाई, बाकी सगळी जोडपी. माझ्या शेजारच्या सीटवर माझीच पिशवी.

एका वाडीत नाचणीची भाकरी खाऊन भाटघरचं पाणी बघायला गेलो. हेच पाणी पुढं कालव्यानं बारामतीला, आमच्या इंदापूरकडं जातं, असं गाईडबाई म्हणाली. ह्यांचा जन्म कालव्याला पाणी कधी सुटतंय ते विचारण्यात गेला, पण धरण काही बघणं झालं नाही. सगळे जोडीनं फोटो काढत होते. मला काय झालं कुणास ठाऊक, ह्यांचा नंबर लावला. सांगायचं होतं, "अवो, काठोकाठ भरलंय!"

रिंग गेली आणि फोन उचलला.

मग भानावर आले. हे गेल्यावर नंबर बंद पडू नये म्हणून ह्यांचं सिमकार्ड मीच विहिरीवरच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये घालायला लावलं होतं. एकदा फोन लागला की मोटार चालू, परत लावला की बंद. रान वाट्यानं करणारे तात्याच तो नंबर लावतात. मी कधीच नाही.

घरी आले तर तात्या दारातच. "वैनी, मोटार कुणी चालू केली? दिवसभर लाईट हाय, मेथीत घोटाभर पाणी साचलंय!"

"चुकून लागला तात्या. बंद करायला परत लावणार, तर रेंज न्हाय."

रेंज होती. चांगली होती. पण एवढ्या दिवसांनी ह्यांनी फोन उचललेला. मी कसा बंद करू?