अनावश्यक बोलणं बंद

१ डिसेंबर, रविवार. सायंकाळी ५.३०
शिंदखेड्याजवळच्या आश्रमातलं दहा दिवसांचं मौन शिबिर संपवून जळगावला परत. सातव्या दिवशी, सकाळी ९.४० ला, मला आत्मज्ञान झालं. वेळ टिपून ठेवली आहे. तीस वर्षं शाळेत हेडक्लार्क होतो, नोंद लागते. बाकीचे बावीस जण तेव्हा मांड्या बदलत होते. कोणाला बोललो नाही. अहंकारच उरला नाही तर सांगणार कोण? फक्त बसमध्ये शेजारच्याला सांगितलं. आणि कंडक्टरला.

एक गोष्ट मात्र खटकली. शिबिर घेणारे आबा पोहोचलेले आहेत म्हणतात. पण मौन सुटल्यावर ते आधी कोणाशी बोलले? भाजीवालीशी! वांगी कशी दिली, सून नांदायला आली का, अर्धा तास तेच. मी बाजूला घेऊन विचारलं, आबा, ज्ञानी माणसाने असल्या गप्पा कशाला माराव्यात? म्हणाले, वांगा लेवाना व्हतात म्हनीसन.
वांगी घ्यायची होती म्हणून! यात फार खोल अर्थ असावा. किंवा आबा अजून माझ्याएवढे पोहोचले नसावेत. दुसरंच खरं वाटतं.
संकल्प : आजपासून अनावश्यक बोलणं बंद.

२ डिसेंबर, सोमवार
बायको (कोकिळा) सकाळी सहापासून सुरू. नळाला पाणी उशिरा आलं. शेजारच्या साबेराभाभीकडे एरंडोलचे पाहुणे आलेत. मेथीत आळ्या निघाल्या. मी साक्षीभावाने भिंतीकडे बघत बसलो. चहा घेता का, हे चार वेळा विचारलं. शेवटी मी शांतपणे म्हटलं, चहा घेणारा कोण आहे?
तिने माझा कप पिऊन टाकला.

५ डिसेंबर, गुरुवार
शेजारचे मुख्तारभाई गाद्या भरतात. वीस वर्षं झाली, मी दुकानावरून गेलो की विचारतात, क्या साब, खाना हुआ? आज थांबून त्यांना नीट समजावलं. मी जेवलो काय, न जेवलो काय, तुम्हाला त्याचं काय करायचंय? निरर्थक प्रश्नात माणसाची शक्ती जाते. ते म्हणाले, कुछ नहीं साब, वैसेच पूछता. आणि कापूस पिंजायला लागले. आत कुठेतरी हलले असणार.

७ डिसेंबर, शनिवार
मुख्तारभाईंनी विचारणं सोडलं. दोन दिवसांत एवढा फरक!

९ डिसेंबर, सोमवार
धुळ्याहून फोन. कोकिळाचा एकुलता एक भाऊ, रुपचंद, हार्ट अटॅकने गेला. तिने हंबरडा फोडला. मी स्थिर. नाडी मोजली, ७२.

१२ डिसेंबर, गुरुवार. धुळे
रुपचंदकडे दुखवट्याला दारावर बसलो होतो. ओट्यावर सतरंजी, भेटायला येणाऱ्यांची रीघ. येणारा दोन मिनिटं मान खाली घालून बसतो, कसं झालं विचारतो, की झाल्या गप्पा सुरू. थंडी यंदा कमीच शे. कापूस वेचाना व्हयना का? एकाने तर रुपचंदने केलेल्या वांग्याच्या भरताचा किस्सा काढला. म्हणे, मिरच्या इतक्या घातल्या की बठ्ठी पंगतच्या पंगत पाण्यासाठी विहिरीकडे पळाली. त्यावर प्रमिलावहिनी, म्हणजे रुपचंदची बायको, चक्क हसल्या! नवरा जाऊन तीनच दिवस झालेत!

मला राहवलं नाही. उभा राहिलो आणि पंचवीस मिनिटं बोललो. रडणं हे अज्ञान आहे. आठवणी हा कचरा आहे. वहिनींना स्पष्ट सांगितलं, रुपचंद नावाचं मुळात कोणी नव्हतंच.
सगळे गप्प. असा परिणाम मी शिबिरातही पाहिला नव्हता. वहिनी उठून आत गेल्या. चहा आला तो मला सोडून सगळ्यांना दिला. कोकिळा म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी राहते इथे थोडे दिवस.
उत्तम. साधनेला एकांत मिळेल.

१५ डिसेंबर, रविवार. जळगाव
घर एकदम शांत. जिरं सापडेना म्हणून फोन केला. जिरं कुठे आहे? निळ्या झाकणाच्या डब्यात. फोन बंद. अकरा सेकंद! बोलणं असं पाहिजे. नंतर बराच वेळ मोबाइल हातात धरून का बसलो होतो, कळलं नाही. मनाचे खेळ.

२२ डिसेंबर, रविवार
आठवड्यात सात फोन केले, सगळे आवश्यक. गॅस, लाइट बिल, झाडूची जागा. आज आवश्यक असं काही सुचेना. दोन दिवसांत तोंडातून शब्द नाही. दुपारी उगीच पिशवी घेऊन मुख्तारभाईंच्या दुकानासमोर उभा राहिलो. त्यांनी सलाम केला, गादीला टाके घालत राहिले. मी जेवलो नव्हतो. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण माणसं फार तुटक झाली आहेत हल्ली.

२७ डिसेंबर, शुक्रवार. पहाटे
उलगडा झाला! ज्ञानी लोक साध्या गप्पा मारतात ते करुणेपोटी. अज्ञानी जीवांना बरं वाटावं म्हणून. आबांना हे नीट मांडता आलं नाही एवढंच. मीही करुणा करणार. सोमवारी धुळ्याला जाऊन कोकिळाशी गप्पा मारायच्या आणि तिला घेऊन यायचं. विषय काढून ठेवले : १. थंडी. २. मेथी. ३. तिचा गुडघा (दुखतो म्हणत असते. कुठला, ते विचारणे). आरशासमोर दोनदा सराव केला. चांगला जमला.

३० डिसेंबर, सोमवार. धुळे बसस्टँड
कोकिळाचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. ओट्यावर वहिनी आणि शेजारच्या चार बाया. मी फाटकाशीच थांबलो. ती सांगत होती, घरी मी कुकरशी बोलते बाई, तो निदान शिट्टी तरी देतो. बाया हसून हसून लोळत होत्या. वहिनीसुद्धा.

मला बघितलं आणि सगळं थांबलं. बाया पदर सावरून उठल्या. मी म्हटलं, थंडी वाढली. ती म्हणाली, हो. मी म्हटलं, मेथी चांगली येतेय आता. ती म्हणाली, येते. मी म्हटलं, तुझा गुडघा कुठला दुखतो गं?
ती म्हणाली, डावा. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं त्याचं. फॉर्मवर सही तुमचीच होती.

चल म्हटलं तर भांडली नाही, रडली नाही. वहिनी एकट्या आहेत, आणि मलाही इथे बोलायला माणसं आहेत, एवढंच म्हणाली. एकतीस वर्षं ती माझ्याशीच बोलत होती. मी त्याला आवाज समजत होतो. आज नाडी मोजली नाही.

१ जानेवारी, बुधवार. जळगाव
काल तिचा फोन आला. धावत जाऊन घेतला. म्हणाली, दूधवाल्याला सांगा, उद्यापासून अर्धाच लिटर टाक. मी विचारलं, अजून काही? म्हणाली, नाही, एवढंच काम होतं.

आज सकाळी दूधवाल्याला फाटकाशी गाठून अर्धा लिटर सांगितलं. मग थंडीचं सांगितलं. मग कोकिळाच्या गुडघ्याचं, डाव्या, ऑपरेशन कसं झालं ते, मला आठवत नव्हतं तरी. त्याने किटली हातात धरून ऐकून घेतलं. मग म्हणाला, साहेब, पुढे अजून चाळीस घरं आहेत, जाऊ द्या मला आता.