फुग्याला उजवा कौल

देवरूख,
जानेवारी १९८८

तीर्थस्वरूप बाबूदादांच्या चरणी धोंडूचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी वाकायला बंदी केली आहे, म्हणून नमस्कार उभ्यानेच घातला आहे. तो आठही अंगांचा धरून चालावे.) विनंती विशेष अशी, की विशेष विनंती पत्राच्या तळाशी आहे, पण सरळ तळाशी जाऊ नये. आधी सगळे वाचावे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत तुमचे मन जरा मऊ होईल. तुमचा दमा, वहिनींचे गुडघे आणि गाभण म्हैस ही मंडळी ठीक असतील असे मी धरून चालतो, कारण तसे नसते तर तुमचे पत्र आले असते. तक्रार असल्याशिवाय तुम्ही पोस्टाची पायरी चढत नाही, हे तुमच्या बहिणीकडूनच, म्हणजे आमच्या यमुनेकडूनच, मला कळले आहे.

गेल्या शिमग्यात पालखी खांद्यावर घेऊन नाचताना मी मध्येच खाली बसलो, ते तुम्ही पाहिलेच. लोकांना वाटले माझ्या अंगात आले. दोन बायका पायाही पडून गेल्या. अंगात काही आले नव्हते, छातीत आले होते. पुढे चढ चढला की दुखू लागले, मग उतारावरही, आणि शेवटी यमुनेने वाढलेल्या उकडीच्या मोदकांपाशी सुद्धा (हे मात्र फार झाले). तुमचा भाचा रामा बोटीवरून सुट्टीवर आला होता, तो मला मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात घेऊन गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, छातीला नळी लावून नुसते अंदाज किती करायचे, काळजाच्या शिरांचे चित्र काढून आतच बघू.

आता ऐका. रोग छातीचा आणि त्यांनी हजामत केली जांघेची! मी नम्रपणे छातीवर हात ठेवून म्हटले, दुखते ते इथे, वर. तर म्हणाले, नळी खालच्या शिरेतूनच वर जाते, रस्ता तोच आहे. जन्मभर एसटीत कंट्रोलरकी केलेला माणूस मी. रत्नागिरीहून साखरप्याला जाणारी गाडी कोणी मंडणगडवरून नेली असती तर त्याला मी जागच्या जागी मेमो दिला असता. पण निजलेल्या माणसाचा मेमो कोण घेतो? नळी वर गेली, तिच्यातून औषध सोडले, आणि कमरेखाली असे काही ऊन ऊन वाटले की आपण या वयात भलतेच करून बसलो अशी माझी खात्री झाली. मी लाजेने डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, सगळ्यांना तसेच वाटते, काही झालेले नाही. (खरोखरच झालेले नव्हते. नंतर मी हात लावून पाहिले.)

डोळे उघडले तर शेजारच्या टीव्हीवर माझे काळीज! मिरीच्या वेलासारख्या काळ्या शिरा, दर ठोक्याला हलणाऱ्या. बाबूदादा, खरे सांगतो, आपण त्याच्याकडे टक लावून बघत असतो आणि ते आपल्याकडे ढुंकूनही न बघता कामाला जुंपलेले असते. मला त्याची फार दया आली. त्यातली एक शीर मध्येच चिमटीत धरल्यासारखी बारीक झाली होती आणि पलीकडे जेमतेम सुताएवढी धार जात होती. आंबा घाटात दरड पडल्यावर एकेरी वाहतूक चालते, तशी. डॉक्टर म्हणाले, जागा नेमकी कळली, आता तिथेच एक छोटा फुगा नेऊन फुगवायचा, अडथळा दाबून टाकायचा आणि फुगा काढून घ्यायचा. फुगा! मी विचारले, फुटला तर? ते हसले. वर म्हणाले, काळजी करू नका, छाती उघडणारे डॉक्टर शेजारच्या खोलीत तयारच असतील. आता तुम्हीच सांगा, ज्या पंगतीच्या शेजारी वैद्य बसवून ठेवतात त्या पंगतीला तुम्ही निश्चिंतपणे जेवाल? मग जांघेवर रेतीची पिशवी ठेवून मला दिवसभर सरळ निजवले. (रेतीच हवी तर आरे-वारे काय वाईट होते? तिथे समुद्र तरी दिसतो.) शिमग्याच्या आत या, लांबवू नका, असे बजावून सोडले. रामा बोटीवर परत गेला.

घरी यमुनेचा एकच धोशा, कधी निघायचे? मी म्हटले, देवीला विचारल्याशिवाय आपल्या घरात रेडकू विकत नाहीत, मग काळजात फुगा कसा घालू? हे तिला पटले. मी देवळात गेलो. शिवा गुरवाने देवीच्या अंगावर दोन बाजूंना कळ्या लावल्या, उजवी पडली तर जा, डावी पडली तर नको, असे गाऱ्हाणे सुरू केले, आणि ते पुरे व्हायच्या आत उजवी कळी टपकन खाली! मी म्हटले, वारा आहे. दार लोटून पुन्हा कौल लावला. पुन्हा उजवी. मग मी प्रश्नच फिरवला: न जाता बरा होणार असेन तर उजवी दे. देवीने डावी दिली. मी चौथा प्रश्न जुळवत होतो तोच शिवा भडकला. म्हणाला, "धोंडूआप्पा, देवीनं सांगितलान ना जा म्हनून! आता काय ती तुमच्या संगती येसटीत बसणार हाय?"

घरी आलो तर यमुना दारातच उभी. काय झाले, म्हणाली. आणि माझ्या तोंडून शब्द गेला, डावा.

ती भांडली नाही. मी साखर आणायला जाऊन गूळ आणला म्हणून आठवडाभर बोलणारी बाई ती! आत गेली, ट्रंकेतले माझे शर्ट काढून पुन्हा दांडीवर टाकले. तेव्हापासून माशाचा मधला तुकडा मला वाढते. विडी ओढताना पाहिले तरी नुसती बघते. बाबूदादा, टेबलावर निजलो होतो तेव्हा मला एवढी भीती वाटली नव्हती. खरे सांगावे तर देवीच्या नावाने खोटे बोललो हे कबूल करावे लागते, न सांगावे तर तो सुताएवढा धागा कधी तुटेल याचा नेम नाही.

असो. वहिनींच्या गुडघ्यांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद, म्हशीची सुटका सुखरूप व्हावी.

तुमचा,
धोंडू

ता. क. विशेष विनंती ती हीच. कामानिमित्त आल्यासारखे या. ओटीवरूनच ओरडा, की कौलबिल मी जाणत नाही, बहिणीचे कुंकू मला प्यारे आहे. मग मला दंडाला धरून गाडीत बसवा. मी विरोध करीन, तो मनावर घेऊ नये.

ता. क. दुसरा. विरोध फार वेळ करणार नाही. देवी काही एसटीत बसणार नाही, म्हणून तुम्हाला विचारतो.

ता. क. तिसरा. दादा, मी यमुना. पाकीट शिताने चिकटवायला यांनी माझ्याकडे दिले, तेव्हा वाचले. कौल उजवा झाला असे शिवाच्या बायकोने, जनीने, हे घरी पोचायच्या आधीच मला सांगितले होते. म्हटले, बघू किती दिवस खोटे धरून बसतात. पण खरे तुलाच सांगते, खोटे आहे हे माहीत असूनही "डावा" ऐकल्यावर मला घटकाभर बरे वाटले. त्या फुग्याची भीती मलाही आहे. शर्ट मी परत ट्रंकेत भरले आहेत, ट्रंक खाटेखाली आहे. तू ये, पण ओरडू नकोस, यांच्या छातीला सोसणार नाही. यांचा हात मी धरीन. माझा धरायला तू ये.