सुधीरच्या आधी मी दिलेलं उत्तर

चंदीगड, मंगळवार संध्याकाळ

सुधीरचा लिव्हरचा कॅन्सर पसरलाय. आता आशा आहे ती इम्युनोथेरपीच्या ट्रायलची. आज डॉक्टरांनी त्याला विचारलं, "हर तीन हफ़्ते बाद आना पड़ेगा. चंडीगढ़ में ही रहेंगे ना?" त्याने तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "पक्का."

का म्हणाले? एअर फोर्समधून रिटायर झाल्यावर साताऱ्याला जायचं हे त्याचं कधीपासून ठरलेलं. निम्मं सामान बांधूनही झालंय.

परतताना गाडी सेक्टर १७ला आली. तेव्हा तो म्हणाला, "एअर फोर्सनेसुद्धा पोस्टिंगआधी पसंती विचारली होती, बाईसाहेब."

ते 'पक्का' डोक्यातून जात नाहीये. घाबरले होते, दुसरं काय. घरी आल्यावर चहा देताना शेवटी विचारलं, "तुला ट्रायल नकोय का?"

"हवीय गं. पण पहिल्या स्कॅनपर्यंतच. फरक नसला तर मला साताऱ्याला न्यायचं. तेव्हा रडून अडवायचं नाही."

"बरं," म्हटलं.

आणि थोडासाच फरक पडला तर? ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.