गाढवाला शोधायला कोणी आलं नाही

ता. ४ जून

चि. भिंगरीस आजीचे आशीर्वाद, आणि वर एक टपली.

तू पाठवलेली चित्रं पाहिली. तीन वर्षं चार धडधाकट माणसं खोलीत कोंडून घेऊन एक गाढव चालवताहेत! एका सेकंदाला बारा चित्रं म्हणे. खरं गाढव आणलं असतंस तर एव्हाना गाव ओलांडून गेलं असतं. शिवाय त्याचा डावा कान उजव्यापेक्षा लांब झालाय. तुझी आई म्हणते, ही कला आहे. मी म्हणते, घाई आहे.

शेजारीण विचारत होती, नात काय करते. कार्टूनचा सिनेमा करते म्हटल्यावर हसली. मग मी तिच्या नातवाची चौकशी केली, तेव्हा तिला गॅसवरचं दूध आठवलं.

वेळेवर जेव. उरलेलं ओरडणं पुढच्या पत्रात.

तुझी आजी

ता. १५ जून

ती. आजीस सा. न. वि. वि.

टपली पोचली, कान नीट केला. पण इथे संकट आलंय. ज्यांच्या पुस्तकावरून सिनेमा करतोय त्या लेखक आजोबांना काल तो दाखवला. शेवट बघून ते उठूनच उभे राहिले. म्हणाले, हे माझं पुस्तक नव्हे. त्यांच्या गोष्टीत धुक्यात हरवलेल्या गाढवाला शोधायला अख्खं गाव कंदील घेऊन येतं. आमचं गाढव रस्त्यावरचे खांब मोजत एकटंच घरी येतं. शेवट बदला, नाहीतर परवानगी परत घेतो, असं सांगून गेले.

माझ्याकडे आपलीच जुनी प्रत आहे, शेवटचं पान नसलेली. शेवट तुझ्या तोंडून पाठ होता, म्हणून दुसरी प्रत शोधलीच नाही. आजी, ते पान कुठे गेलं?

तुझी रडकुंडीला आलेली
भिंगरी

ता. २३ जून

चि. भिंगरीस आशीर्वाद. टपली नाही, कारण या खेपेला चूक माझी.

ते पान मीच फाडलं. मला तेव्हा अक्षर कळत नव्हतं. चित्रं बघून गोष्ट रचायची, आणि तू ती खरी धरून बसलीस. पण चित्र तर कळत होतं. गावभरची माणसं, हाताहातात कंदील, आणि मधे एक गाढव! तुझी आई कारखान्यात, मी लोकांची धुणी धूत, आणि तू सहा वर्षांची, शाळेतून एकटी येणारी. ते चित्र बघितलं असतंस तर कोपऱ्यावर कंदिलांची वाट बघत बसली असतीस. म्हणून पान काढलं आणि सांगितलं, कोणी येत नाही, खांब मोजत घरी यायचं.

पान फेकलं नव्हतं, सोबत धाडते आहे. साठीनंतर अक्षरं शिकले, पण ते वाचलं काल. तुझ्या त्या लेखक आजोबांना सांग, अक्षर छापील आहे, माणसं मात्र पाहिलेली दिसत नाहीत. म्हणे गाढवासाठी गाव उठतं!

तरी पुस्तक त्यांचं. माझ्या फाडण्याची शिक्षा तुझ्या तीन वर्षांना नको. हे पत्र त्यांना दाखव.

तुझी पानचोर आजी

ता. २ जुलै

ती. आजीस सा. न. वि. वि.

आजोबांनी पत्र दोनदा वाचलं. हसले नाहीत. ती मुलगी रोज घरी पोचायची का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, समोर उभी आहे. मग म्हणाले, खांब राहू द्या, पण माझ्यासाठी एक तरी कंदील हवा. परवानगी मिळाली, आजी!

आता शेवटी दार उघडतं आणि कंदील धरून एक म्हातारी दिसते. चित्र सोबत आहे. तिच्या तोंडी एकच वाक्य घालायचंय, ते तू दे. ती थोडीशी तुझ्यासारखी झाली आहे, रागावू नकोस.

भिंगरी

ता. ९ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद, आणि दोन टपल्या.

माझं नाक असं भज्यासारखं नाही. म्हातारीला उंबरठ्याबाहेर काढू नकोस, ती शोधायला निघालेली नाही. आणि कुठे होतास, उशीर का झाला, असलं काही तिने विचारायचं नाही. गाढवाला उत्तर देता येत नाही, तुलाही येत नव्हतं. तिने एवढंच म्हणावं, पाय पूस आणि आत ये.

आजी