डावी बाजू माझी

व्हिटबी, ४ मे २०२४

ती. जनूदादास, कस्तुरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही, म्हणून पत्र. इथल्या धक्क्यावर दीडशे वर्षांपूर्वीचं मालवाहू गलबत दुरुस्त करतायत. गहू भरून इथलं समुद्राएवढं सरोवर ओलांडायचं. खलाशी सातच, शिडं तेच चढवायचे, गहू तेच उपसायचे, पाणी शिरलं की पंपही तेच ओढायचे. गहू भिजून फुगला तर आतून फळ्याच उचकटायच्या. सगळ्यांचा जीव फळ्यांमधल्या फटींवर!

रिटायर झाल्यापासून घरात बसवत नाही, म्हणून मी तिथे व्हॉलंटिअर झाले. मला बसवलं गिफ्ट शॉपमध्ये. बाहेर पोरं फटी बुजवायला कापूस असा दणादण ठोकतायत, की आपल्या अप्पांनी हातोडाच काढून घेतला असता. मी सांगायला गेले, तर गोड हसून थँक यू म्हणाले. आमची जाई म्हणते, मम्मी, बासष्टाव्या वर्षी मनगट मोडशील. मोडू दे.

आपल्या होड्यांच्या कारखान्यात अप्पा दोन सुतांच्या, म्हणजे इथल्या पाव इंचाच्या, फटीला कापसाचे किती पदर घालायचे, तेवढं लिही. वहिनींना नमस्कार. रागावलास तरी उत्तर पाठव.

तुझी, कस्तुरी

देवगड, २८ मे

चि. कस्तुरीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. हापूस संपत आला. पदर लिहिणार नाही. आपल्या कारखान्यात बाईमाणसाने होडीला हात लावलेला नाही. दुकान दिलंय तर दुकान सांभाळ. परक्या लोकांत घराण्याचं हसं नको. रविकांतराव हयात असते, तर नवरा म्हणून त्यांनीही तुला आवरलं असतं. माया आहे म्हणूनच कडू लिहिलं.

जनार्दन

व्हिटबी, १६ जून

ती. दादास नमस्कार वि. वि.

मी परवानगी मागितली नव्हती, पदर विचारले होते. आणि रविकांत आवरणारे नव्हते. मला हायवेवर गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं.

बेसमेंटमध्ये दोन फळ्या बांधून नऊ दिवस ठोकत होते. कापूस नीट बसला की आवाज बदलतो, एवढं कानात होतं. दोनच पदर, दादा! मग मुख्य सुतार वॉल्टर याच्यासमोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, सरावाच्या चौकटीत एक फट पोरांची, एक माझी. वर पाणी ओता, कोणाची गळते ते कळेपर्यंत मी दुकान उघडणार नाही. पोरांची फट चहा होईस्तोवर गळायला लागली. माझी संध्याकाळी कोरडी. वॉल्टर म्हणाला, गलबताची डावी बाजू तुझी.

मनगट सुजलंय. उद्याही जाणार आहे. आशीर्वाद दे किंवा नको देऊ, मी थांबणार नाही.

कस्तुरी

देवगड, ९ जुलै

चि. कस्तुरीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चार दिवस कामावर गेलो नाही. मी खोटं लिहिलं होतं. तू अकरा वर्षांची होतीस. आम्ही जेवायला गेलो तेव्हा तांडेलांच्या होडीची एक फट तू भरलीस. अप्पा येऊन तिच्यावरून बोट फिरवत राहिले. कोणाचं काम, विचारलं. मी म्हणालो, माझं. त्यांनी माझी पाठ थोपटली, तुला घरी पिटाळलं.

आज कारखान्यात सगळ्यांना जमवून हे सांगितलं. आपला जुना कारागीर सुधाकर म्हणाला, या वयात कशाला उकरून काढायचं? काहीजण हसले. हसू देत.

ऑक्टोबरात नव्या होडीच्या फटी भरायच्या आहेत. तिकीट काढ. कोणी नाक मुरडलं, तर त्याला मी बघून घेतो.

तुझा, दादा