केळ्यांना चार डिग्री

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी.

दुधाच्या धंद्यात आता मला शिकण्यासारखं काही उरलं नाही. कऱ्हाटीहून सायकलला दोन कॅन लावून निघालेला माणूस आज बारामतीत स्वतःच्या डेअरीत, स्वतःच्या खुर्चीवर बसतो. आता एक्स्पोर्ट. केळी. दुबई. समुद्रमार्गे, कंटेनरनं.

माल ठरला. मेहुण्याची, म्हणजे ज्ञानेशची लासुर्ण्याची बाग. ऊस मोडून केळी लाव, हे त्याला मीच सांगितलं होतं. एका कंटेनरपुरता माल एका काढणीत निघतो. गावातला व्यापारी बागेवर येऊन घ्यायला तयार होता. मी म्हणालो, त्याला हाकल.

ज्ञानेश तयार झाला. मला तसं म्हणाला नाही, स्वयंपाकघरात अनिताला म्हणाला. मी पुढच्या खोलीत पेपर घेऊन बसलो होतो. पण माझे कान. कॅनवर टिचकी मारून दुधात किती पाणी आहे ते सांगतो मी. ज्ञानेशची मोटारसायकल गिरणीच्या कोपऱ्यावर असते तेव्हाच चहा टाकायला सांगतो.

तो हळूच म्हणाला, "अक्का, दाजींच्या न्हाय, तुझ्या भरवशावर देतोय. औंदाचं समदं त्यातच हाय." अनिता म्हणाली, "मी हाय ना."

घरात माझ्याविषयी एवढा विश्वास आहे हे कळून बरं वाटलं.

संकल्प: उद्यापासून पाचला उठणे.

१५ सप्टेंबर. साडेसात.

उठलो.

१७ सप्टेंबर, बुधवार.

दुबईच्या पार्टीशी बोललो. ऋषिराज. मूळ इंदापूरचाच, तिकडे फळांचा मोठा व्यापार. तात्या तात्या करत होता. शेवटी म्हणाला, कंटेनरचं टेम्परेचर एजन्सीला विचारून घ्या हं, केळ्याचं वेगळं असतं. मी हसलो. ज्यानं आयुष्यभर दुसरं काही केलं नाही त्याला थंडाव्याचं शिकवतो. दूध चार डिग्रीला ठेवलं की टिकतं. माझं घर, गाडी, डेअरी सगळं चार डिग्रीवर उभं आहे.

व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली. मागे जहाजाचं चित्र. खोकी आली, त्यांवर 'तात्या एक्स्पोर्ट्स'. जास्तीची खोकी घरी आतल्या खोलीत रचली. अनिताला आवडलं नाही, धान्याच्या कोठ्यांपर्यंत जाता येत नाही म्हणते. बायकांची नजर जवळची.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

एजन्सीत सोनम नावाची पोरगी आहे. न्हावाशेवा बंदराचं सगळं काम तीच बघते. बोलायला गोड, पण हट्टी. म्हणाली, सर, केळ्याला साडेतेरा डिग्री टाकते. मी चार म्हणालो. ती म्हणाली, सर, साडेतेराच असतं. मी म्हणालो, बाळ, चार.

 तिनं फोनवर हात ठेवला. पण माझे कान. शेजारच्याला म्हणाली, "यांना कोण सांगणार?"

बरोबर. मला सांगणारा अजून जन्मायचा आहे.

यातली मेख माझ्या लगेच लक्षात आली. साडेतेरावर ठेवलं की मशीन कमी चालतं. मशीन कमी चाललं की डिझेल, वीज वाचते. वाचते कुणाची? कंपनीची. केळी पिवळी होऊन सडतात कुणाची? आपली. तीस वर्षं गवळ्यांशी व्यवहार केलाय, हे डाव मला पाठ आहेत.

वर विचारते, व्हेंट किती उघडं ठेवू. म्हणजे कंटेनरला झरोका असतो. गारवा करायचा आणि झरोका उघडा ठेवायचा! डेअरीच्या टाकीचं झाकण उघडं टाकून कुणी घरी जातं का?

म्हणाली, मग लेखी द्या, नाहीतर व्हॉइस मेसेज टाका. टाकला. एकदम स्पष्ट.

२० सप्टेंबर, शनिवार.

मी आंधळेपणानं काही करत नाही. ट्रायल घेतली. ज्ञानेशकडून एक हिरवी फणी आणून घरच्या फ्रिजमध्ये ठेवली. अनिता म्हणाली, "केळी कुणी फ्रिजात ठेवतं व्हय? काळी पडत्यात." मी म्हणालो, तू पिकलेली ठेवतेस, ही कच्ची आहेत. फरक आहे.

२४ सप्टेंबर, बुधवार.

फणी काळपट झाली. कारण शोधलं: फ्रिज जुना, आणि अनिता दिवसातून पन्नास वेळा दार उघडते. कंटेनरला सील असतं. ट्रायल यशस्वी धरायला हरकत नाही.

नवीन फ्रिज बघणे.

अनितानं ती फणी गाईपुढे टाकली. गाईनं तोंड लावलं नाही. जर्सी आहे, लाडावलेली.

२८ सप्टेंबर, रविवार.

ज्ञानेश आला. (गिरणीच्या कोपऱ्यावरच ओळखलं.) बसला, पण टेकून नाही. म्हणाला, "दाजी, त्या व्यापाऱ्याचा पोरगा म्हनत हुता, केळ्याला लई गार सोसत न्हाय." मी त्याला सगळं समजावलं. डिझेल, कंपनी, झरोका. तो ऐकत होता. मग म्हणाला, "तुमी म्हंताय तर आसंल."

जाताना चपला घालता घालता अक्काला म्हणाला, "इचारून घेतलंय ना गं दाजींनी कुनाला?" ती म्हणाली, "इचारतील की. त्येंच्याबी नावाचा प्रश्न हाय."

विचारायचं कुणाला, हाच खरा प्रश्न आहे. या भागात थंडाव्यातला जाणकार म्हणजे मीच.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.

कंटेनर भरला! पितृपंधरवड्यात घातलेला माल पोचत नाही, म्हणून मी मुहूर्त दसऱ्याचा धरला होता. लासुर्ण्याच्या वस्तीवर भला मोठा पांढरा कंटेनर, मागे जनरेटर घरघरतोय, लोक बघायला. मी स्वतः नारळ फोडला. दाराच्या कडीत झेंडूची माळ आणि आपट्याची डहाळी अडकवली. ड्रायव्हरला सोनं दिलं. तो पाया पडला.

केळी काय होती! तुरटीच्या पाण्यातून निघालेली, हिरवीगार, एकसारखी. ज्ञानेश प्रत्येक खोक्यावरून हात फिरवत होता, जशी काही पोरगी सासरी चाललीय. भरणाऱ्या बायकांची मुकादम सिंधुबाई. कंटेनरमधून बाहेर आली ती खांदे आवळून. "तात्या, माझं दात वाजाय लागलं. एवढ्या थंडीत धाडताय, लेकरांस्नी गोधडी तरी द्या संगं." सगळ्या हसल्या. मीही हसलो. हसणारी माणसं कामाला बरी.

ज्ञानेश हसला नाही. थकला असेल.

दार लावल्यावर पत्र्याला कान लावला. मशीनचा आवाज थेट माझ्या डेअरीसारखा. बाहेरच्या काट्यावर चार. डोळे भरून आले.

३ ऑक्टोबर.

काल गांधी जयंतीची सुट्टी होती, हे माझ्या लक्षात होतंच. कंटेनर बंदरावर दोन दिवस जास्त उभा राहणार. काही बिघडत नाही. तेवढाच जास्त गार होईल.

६ ऑक्टोबर, सोमवार.

जहाज निघालं. मोबाईलवर जहाजाचा ठिपका दिसतो. दिवसातून दोनदाच बघायचं ठरवलं.

दुपारी. चौदा वेळा बघितलं. डेअरीतल्या सगळ्यांना दाखवलं. समुद्र निळा आहे.

८ ऑक्टोबर.

अनिता फोनवर ज्ञानेशला सांगत होती, "आता ठिपका मधोमध हाय म्हंत्यात." पलीकडून तो म्हणाला, "अक्का, मला रातीला झोप न्हाय." मी नोंद करून ठेवतो: शेतकऱ्यानं एक्स्पोर्टचं टेन्शन घेऊ नये, त्यासाठी एक्स्पोर्टर असतो. हे वाक्य व्हिजिटिंग कार्डावर बसेल का बघणे.

१३ ऑक्टोबर, सोमवार.

दुबईत कंटेनर उघडला. ऋषिराजनं फोटो पाठवले. केळी राखाडी दिसतात. तिकडचा उजेड वेगळा, वाळवंटी. मी कळवलं, फोटो सावलीत काढ.

संध्याकाळी. सावलीतले आले. तिकडचा मोबाईलच खराब असावा.

१५ ऑक्टोबर, बुधवार.

ऋषिराजचा फोन. पिकवण्याच्या खोलीत घातली, पिवळी होत नाहीत म्हणाला. वरून काळपट, आतून लाकडासारखी. "तात्या, ही मेलीत. फेकायला लागतील." मी शांत राहिलो. भाव पाडायची ही जुनी रीत आहे. दुधातसुद्धा फॅट लागत नाही म्हणून सांगतात. मी म्हणालो, बघू, चार दिवस थांब.

तो म्हणाला, थांबून काय करू, नगरपालिकेची गाडी आलीय दारात.

अनिताला सांगितलं की भाव जरा खाली आलाय. तिनं कणीक मळता मळता विचारलं, "खाली म्हंजी किती?" मी म्हणालो, बोलणी चालू आहेत.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार.

चूक सापडली. कंपनीची. मशीन मधे बंद पडलं असणार. भरपाई घेतल्याशिवाय सोडत नाही. ज्ञानेशला मुद्दाम डेअरीत बोलावून घेतलं, म्हटलं त्याच्यासमोरच फोन लावतो, दाजी काय चीज आहे ते कळू दे. अनिताही आली. फोन स्पीकरवर.

सोनमला मी जे झाडलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, सर, मशीन एक मिनिटही बंद पडलं नाही. पूर्ण प्रवासभर चारच होतं, सगळं रेकॉर्ड आहे. मी विचारलं, चार ठेवायला सांगितलं कुणी? ती म्हणाली, लावते सर.

लावलं. "बाळ, चार म्हणजे चार. तेराबिरा तुमची डिझेल वाचवायची आयडिया. आणि तो झरोका बंद. केळी माझी आहेत, जबाबदारी माझी."

रेकॉर्डिंगमध्ये माणसाचा आवाज फार वेगळा येतो. मी पहिल्यांदा ओळखलाच नाही.

ज्ञानेशच्या हातात चहा होता. त्यानं कप खाली ठेवला, सांडू न देता. म्हणाला, "केळी तुमची व्हती व्हय, दाजी?" बस्स, एवढंच, आणि बाहेर गेला. मोटारसायकल चालू झाल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही. नुसताच उभा असेल.

अनिता म्हणाली, "माझ्या भरवशावर दिली हुती त्यानं." मी म्हणालो, अगं, तांत्रिक बाबी असतात. ती चालत घरी गेली. गाडी दारात असताना.

१९ ऑक्टोबर, रविवार.

ज्ञानेशला चेक पाठवला. त्याचं नुकसान मी ठेवणार नाही, मी तसा माणूस नाही. नोकर नेऊन देऊन आला.

संध्याकाळी पाकीट परत. उघडलेलं नाही. गोंद तसाच.

शेतकरी माणूस, बँकेला सुट्टी असेल म्हणून ठेवून घेतलं नसेल.

२० ऑक्टोबर.

अनिता माझ्याशी बोलते. कामापुरतं. जेवण वाढलंय. गोळी घ्या. गॅस संपलाय.

यातून बाहेर पडायचा मार्ग एकच, दुसरा कंटेनर. डाळिंब. ज्ञानेशला पार्टनर करून घेतो. या वेळी चूक नको म्हणून सोनमला आधीच कळवलं, तेरा डिग्री. ती म्हणाली, सर, डाळिंबाला इतकं नाही चालत, खूप कमी लागतं.

या पोरीचं माझ्याशी काय वैर आहे कळत नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज.

ज्ञानेश दर वर्षी येतो. आज तो आला की मीच पहिला बोलणार, हा संकल्प. वाक्यही तयार केलं: ज्ञानेश, चुकलं माझं. आरशासमोर म्हणून बघितलं. दुसऱ्या प्रयत्नात बरं आलं.

अकराच्या सुमारास गिरणीच्या कोपऱ्यावर आवाज आला. त्याचीच गाडी. चहा टाक म्हणायला आत गेलो. अनिता ताट घेऊन उभी होती, निरांजन लावलेलं. माझ्याकडे बघितलं, नाही बघितलं असं केलं, आणि दारात गेली. मी आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी, वाक्य तोंडात धरून.

गाडी फाटकाबाहेरच थांबली. इंजिन बंद केलं नाही त्यानं.

"दाजी हायत का घरात?"

 निरांजनातली वात तडतडल्याचंसुद्धा ऐकू आलं मला.

"न्हायत," अनिता म्हणाली.

मग इंजिन बंद झालं. मग चपला काढल्याचा आवाज.

माझ्या हातानं दार लोटलं गेलं. आत काळोख आणि खोकी. खोक्यांच्या मधे बसलो, पाय पोटाशी घेऊन. पलीकडे पाट सरकला. तिनं ओवाळलं. करंजी मोडल्याचा आवाज. तो म्हणाला, "बाग मोडली अक्का. ट्रॅक्टर घातला. ऊसच लावतो." ती म्हणाली, "माझ्यामुळं." तो म्हणाला, "तुझं काय त्यात? तू बहीन हायस." मग त्यानं सिंधुबाईच्या गोधडीचं काहीतरी सांगितलं आणि दोघं हसली. अनिता हसली. किती दिवसांनी. हसता हसता मधेच तिचा आवाज भिजला.

मला शिंक आली. दाबली. वाक्य त्यातच गेलं.

गाडी गेली. गिरणीचा कोपरा ओलांडेपर्यंत ऐकत होतो.

अनितानं दार उघडलं. हातात वाटी, दोन करंज्या. 

मीच विचारलं, कोण आलं होतं? मला काहीच ऐकू आलं नाही.