न दिलेल्या कमांडची उत्तरं

४ नोव्हेंबर
झाले एकदाची वसईकर! सांडोरला जुलियाना आंटींच्या घरी वरची खोली मिळाली. खिडकीखाली केळी, पलीकडे भाजीची वाडी. आंटी एकट्याच असतात, मुलगा कुवेतला. भाड्याचं बोलायच्या आधी त्यांनी मला जेवायलाच बसवलं. मला आई नाही हे कळल्यावर म्हणाल्या, मग आता आहे. मी वेड्यासारखी रडले.

७ नोव्हेंबर
नोकरी इथल्याच एका छोट्या इंटरनेट कंपनीत. घरोघरच्या राउटरना ऑफिसातून कमांड द्यायचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडलाय. आपण ‘बंद हो’ म्हणायचं, राउटरने ‘बंद झालो’ असं उत्तर द्यायचं. पण आधीच्या महाशयांनी पार घोळ घातलाय. काही उत्तरं अशी येतात की त्यांची कमांड कुणी दिलेलीच नसते! साहेबांना तर सगळं जुळलेलं हवं. मग मी शक्कल लढवली. अशा उत्तराची कमांड प्रोग्रॅमने मागाहून स्वतःच द्यायची, की जमली जोडी. स्वतःवर जाम खूश आहे.

१२ नोव्हेंबर
पाचूबंदरच्या स्टॅनी अंकलच्या राउटरचं उत्तर आलं, ‘बंद झालो’. बंद कुणी केलाच नव्हता. प्रोग्रॅमने मागाहून कमांड दिली आणि लाइन गेली. आमचा लाइनमन ॲन्सेल्म बघायला गेला, तर अंकल खुर्चीत बसल्या बसल्या गेलेले. डॉक्टर हार्ट म्हणाले. चांगला माणूस होता म्हणतात.

१५ नोव्हेंबर
आज प्रिसिला टीचरच्या घरून तेच उत्तर. मग कमांड. मग ॲन्सेल्मचा फोन. एवढंच बोलला, “म्याडम, इथं पन कोन उठत नाय.”
योगायोग असेल. पण दोनदा?

१६ नोव्हेंबर
मी घातलेला तो नियम काढून टाकला. तरी कमांड जातेच. दुपारी आणखी एक घर. मी नुसती बघत बसले. साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले आणि रजा घे म्हणाले.

१८ नोव्हेंबर
आंटींच्या राउटरचं उत्तर आलंय. ‘बंद झालो.’
कमांड जायच्या आत ऑफिसातल्या मशीनची वायरच उपटली. सगळ्यांचं नेट गेलं, जाऊ दे. कमांड जात नाही तोवर आंटी आहेत. घरी धावत आले, त्यांचा राउटर काढून वाडीतल्या बावखलात, त्या छोट्या तळ्यात, फेकला. आंटी अळू चिरत होत्या. मी मिठी मारली, तर कपाळाला हात लावून ताप बघितला माझा. मला फार भीती वाटतेय.

१९ नोव्हेंबर
ॲन्सेल्मचा फोन. लोक शिव्या घालत होते, म्हणून साहेबांनी त्याला वायर लावायला लावली. बिचारा खुशीत होता. म्हणे, मशीन चालू होताच अडकलेल्या सगळ्या कमांड आपोआप सुटल्या, आता काहीच बाकी नाही —

राउटर पाण्यात आहे. मी स्वतः फेकलाय. मग काय होणार —

खाली भांड्यांचा आवाज येत होता. थांबला.

हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आंटींची ओ आली. अगदी स्पष्ट. पण मी अजून हाक —

आता मारतेय. आंटी. आंटी! खालून काहीच —